कर्करोग चारचौघांत

कर्करोग झालेला माणूस आपला अहवाल, केमोचे दिवस, गळलेले केस आणि रात्रीची भीती इंटरनेटवर अनोळखी लोकांपुढे मांडतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोनच नजरांनी पाहिलं जातं. एक कौतुकाची: केवढं हे धैर्य! दुसरी नापसंतीची: घरातलं दुखणं असं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? दोन्ही नजरा त्या माणसाच्या स्वभावावर खिळून राहतात. त्याच्या बोलण्यामुळे पुढे काय घडलं, हा प्रश्न बाजूला पडतो. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गेल्या पन्नास वर्षांत रोगी जाहीरपणे बोलू लागले त्यामुळे शस्त्रक्रियेची एक रूढ पद्धत मोडली, एका औषधाचं उत्पादन वाढलं, आणि पुढे त्याच औषधाच्या पेटंटवर आपल्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. मात्र प्रत्येक जाहीर बोलण्याने असं काही साधलं नाही. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीने साऱ्या जगाला उद्देशून सांगितलं, तेव्हा लोक घाबरून तपासणीला गेले आणि थोड्याच काळात ती लाट ओसरली. रोग्यांनी रोग्यांना सांगितलं, एकमेकांचे अनुभव ताडून पाहिले, चुकणाऱ्याला तिथल्या तिथे टोकलं, तेव्हा मात्र डॉक्टरांना आणि कंपन्यांना दखल घ्यावी लागली. रोग्याचं जाहीर बोलणं ही ज्ञान जमवण्याची एक रीत आहे आणि तिचं मोल त्याच हिशेबाने करायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

या बोलण्याआधीची शांतता किती गाढ होती याची कल्पना आज करणं अवघड आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांचं स्तन ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये कापून काढण्यात आलं. नेपोलियनच्या सैन्याचे नामवंत शल्यविशारद लारे यांनी ते काम केलं. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय व्हायला अजून पस्तीस वर्षं होती. बर्नी यांनी त्या दिवसाची सगळी हकीकत बहिणीला पत्राने कळवली, आणि ते पत्र पुरं करायला लेखणीवर पोट असणाऱ्या या बाईंना कित्येक महिने लागले. तेही होतं घरच्यांसाठी. त्यानंतर दीडशे वर्षांनीसुद्धा अमेरिकेत कर्करोगाबद्दल जाहीर बोलणं दूरच, रोग्याला स्वतःलाच आपला रोग ठाऊक असेल याची खात्री नसे. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांचा कल रोग्याला निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयात तशीच पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत झालेल्या या उलथापालथीचं सगळं श्रेय रोग्यांच्या बोलण्याला देता येणार नाही. उपचार सुधारले होते, प्रयोगात सामील करून घ्यायचं तर रोग्याची संमती लागत होती, कायदाही बदलत होता. पण याच अठरा वर्षांच्या शेवटी शेवटी काही स्त्रिया वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत बोलू लागल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं नेमकं कुठे लागू पडलं हे दाखवता येतं.

ते समजायला त्या काळची शस्त्रक्रिया समजून घ्यावी लागते. स्तनात गाठ असली की बाईला भूल देत, गाठीचा तुकडा काढून तो त्याच वेळी गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, आणि त्यात कर्करोग दिसला तर ती शुद्धीवर येण्याआधीच पूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकत. विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली ही शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षं जवळजवळ प्रश्न न विचारता चालली. टेबलावर झोपताना बाईला ठाऊक नसे की उठल्यावर आपलं शरीर कसं असेल. १९७२ साली शर्ली टेंपल ब्लॅक, म्हणजे एके काळची ती लाडकी बालतारका, यांनी हे मान्य केलं नाही. आधी तपासणी होईल, मग काय करायचं ते मी ठरवीन असा आग्रह त्यांनी धरला आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून तो जगाला सांगितला. २८ सप्टेंबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया झाली आणि व्हाइट हाउसने ती लपवली नाही. देशभर स्त्रियांनी तपासणीसाठी रांगा लावल्या. त्या वर्षीच्या अमेरिकी आकडेवारीत स्तनाच्या कर्करोगाची नोंद अचानक वर चढलेली दिसते, आणि त्या उंचवट्याला आजही बेटी फोर्ड यांचं नाव जोडलं जातं. पण बेटी फोर्ड यांच्यावर झालेली शस्त्रक्रिया मात्र त्याच जुन्या रीतीची, एका झटक्यात उरकलेली होती. त्यांच्या बोलण्याने स्त्रिया डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर जे करत होते त्यात काही बदल झाला नाही.

बदल घडवणारी बाई वेगळी होती, आणि तिचं नाव आपल्याकडे फारसं ठाऊक नाही याची मला खंत वाटते. रोझ कुशनर या मेरीलँडमधल्या पत्रकार होत्या. १९७४ सालच्या उन्हाळ्यात त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. त्यांनी ग्रंथालय गाठलं, वैद्यकीय नियतकालिकं वाचली, आणि आधी फक्त तपासणी करायला तयार होईल असा शल्यविशारद शोधत एकामागून एक फोन केले. बहुतेकांनी नकार दिला. बेटी फोर्ड यांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांनी व्हाइट हाउसलाही फोन केला होता. निर्णय झालेला आहे, असं उत्तर मिळालं. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात स्वतःच्या आजाराची कहाणी होती आणि तिच्या शेजारी युरोपातल्या पद्धती, शस्त्रक्रियेच्या निष्पत्तीचे आकडे, डॉक्टरांशी झालेले वाद असा शोधपत्रकारितेचा ऐवजही होता. पुस्तकाइतकंच मोलाचं काम पुढे झालं: त्यांनी दूरध्वनीवर सल्ला देण्याची सोय उभी केली, हजारो स्त्रियांचे प्रश्न ऐकले, आणि एका बाईचा अनुभव दुसरीला उपयोगी पडेल अशा रीतीने पुढे पोचवला. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञांची सभा बोलावली, तेव्हा निर्णय देणाऱ्या मंडळात डॉक्टर नसलेल्या त्या एकट्याच होत्या. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांत अंतर ठेवावं, आणि हॉलस्टेडची शस्त्रक्रिया हाच प्रमाण उपचार मानू नये, असं त्या सभेने म्हटलं. शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांचे प्रयोग याच दिशेने जात होते, त्यांच्याशिवाय हे झालं नसतं हे खरं. पण प्रयोगाचं उत्तर येण्याआधी प्रश्न विचारावा लागतो, आणि बाईला तिच्या शरीराबद्दल निर्णय घ्यायला चार दिवस का मिळू नयेत हा प्रश्न शल्यविशारदांच्या मनात उभा राहिला नव्हता. तो टेबलावर झोपणाऱ्या बाईचा प्रश्न होता.

याच काळात अमेरिकी लेखिका सुझन सोंटाग यांनी उलट बाजूने विचार केला होता. १९७५ मध्ये त्यांना स्वतःला कर्करोग झाला, १९७८ मध्ये आजाराभोवतीच्या रूपकांवर त्यांचं पुस्तक आलं, आणि त्या पुस्तकात त्यांच्या आजाराचा शब्दानेही उल्लेख नाही. आणखी एका रोग्याने आपण कसे रडलो, कसे सावरलो हे सांगण्यापेक्षा एखादा विचार अधिक उपयोगी पडेल, असं त्यांनी पुढे स्पष्ट केलं. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो लाजेपोटी आलेला नाही. अनुभव सांगितल्याने समज वाढतेच असं नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण दोनच वर्षांनी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्या नोंदींचं पुस्तक आलं. स्तन काढल्यानंतर कृत्रिम स्तन न लावता त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा इतर रोग्यांचं मनोधैर्य खचेल म्हणून तो लावून या असं त्यांना नर्सने सांगितलं. या एका प्रसंगातून लॉर्ड यांनी जो विचार उभा केला तो असा: सगळ्यांनी झाकून घेतलं तर हजारो स्त्रिया एकमेकींना दिसणारच नाहीत, आणि ज्या एकमेकींना दिसत नाहीत त्या काही मागूही शकत नाहीत. अनुभव आणि विचार यांत सोंटाग यांनी केलेली फाळणी इथे टिकत नाही. हा विचार त्या दवाखान्यातल्या खुर्चीवरूनच सुचू शकत होता.

१९९०च्या दशकात ईमेल घरोघरी पोचला आणि एकमेकांना दिसण्याचं हे काम एकदम स्वस्त झालं. आधी रोग्याला दुसरा रोगी भेटायचा तो रुग्णालयाच्या बाकावर किंवा आधारगटाच्या खोलीत, आणि दुर्मीळ कर्करोग असेल तर तो भेटतच नसे. टपालयादी म्हणजे एकाने पाठवलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचण्याची सोय. १९९४ पासून स्तनाच्या कर्करोगासाठी अशी यादी चालू झाली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जिल फ्रिडमन यांच्या पत्नीला कर्करोग झाला तेव्हा त्यांना तिथे जे कळलं त्याने सुचवलेला उपचारच बदलला, आणि त्यांनी पुढे कर्करोगाच्या निरनिराळ्या प्रकारांसाठी अशा शेकडो याद्यांना आसरा देणारी संस्था उभारली. या याद्यांवरचं बोलणं वाचणाऱ्याला पहिल्यांदा कोरडं वाटेल. तिथे रडणं होतं, पण त्याहून जास्त होते मिलिग्रॅम, रक्तातल्या पेशींचे आकडे, कोणत्या गोळीने पाय सुजतात, ती जेवणाआधी घ्यावी की नंतर, कुठल्या शहरातला डॉक्टर दुसरं मत द्यायला तयार असतो. एखाद्याने भलता दावा केला की दहा जण पुरावा मागत. माझ्या दृष्टीने कर्करोगाच्या जाहीर बोलण्याच्या इतिहासातला सर्वांत फलदायी काळ हाच, आणि त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगाचं आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा आजार तसा विरळा. त्याच्या पेशींमध्ये एक आखूड झालेलं गुणसूत्र असतं हे १९६० साली फिलाडेल्फियात दिसलं, दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होतं हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं, आणि त्यातून निर्माण होणारं एक प्रथिन पेशींना वाढतच राहा अशी आज्ञा देत राहतं हे पुढे कळलं. ती आज्ञा अडवणारा रेणू स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत तयार झाला. १९९६ मध्ये ती कंपनी सँडोझमध्ये विलीन होऊन नोव्हार्टिस झाली. एवढ्या थोड्या रोग्यांसाठी औषध काढणं व्यापाराला परवडेल का, अशी शंका तिथे होती. ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर मात्र त्या रेणूचा पिच्छा सोडत नव्हते. जून १९९८ मध्ये माणसांवर पहिला प्रयोग सुरू झाला. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशी पूर्ववत झाल्या. असा निकाल कर्करोगाच्या औषधाला क्वचितच मिळतो. पण तो वैद्यकीय नियतकालिकात छापून यायला एप्रिल २००१ उजाडलं. रोग्यांना तो त्याच्या दीड-दोन वर्षं आधीच कळला होता, कारण प्रयोगातले रोगी आपल्या रक्ततपासणीचे आकडे इंटरनेटवर लिहीत होते. इंटरफेरॉनची इंजेक्शनं टोचून घेत, सतत तापात आणि थकव्यात जगणारे दुसरे रोगी ते वाचत होते. औषध आहे, ते लागू पडतं आहे, आणि पुरेसं बनवलंच जात नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. माँट्रियलच्या सुझन मॅकनमारा या अशाच एक रोगी. १९९९ च्या शरद ऋतूत त्यांनी इंटरनेटवर निवेदन तयार केलं, त्यावर तीन हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि ते नोव्हार्टिसचे प्रमुख डॅनियल वासेला यांच्याकडे गेलं. उत्पादन वाढवायचं ठरलं, प्रयोग मोठे झाले, मॅकनमारा स्वतः ओरेगनला जाऊन औषध घेऊ शकल्या आणि बऱ्या झाल्या. १० मे २००१ रोजी ग्लिवेक या नावाने त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. कंपनीने केवळ निवेदनामुळे हे केलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. प्रयोगाचे आकडे कंपनीलाही दिसत होते. पण औषध कधी आणि किती बनवायचं या निर्णयात, जे रोगी एकमेकांना कधी भेटले नव्हते ते एक पक्ष म्हणून उभे राहिले, आणि ते शक्य झालं आपापले आकडे उघड केल्यामुळे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ग्लिवेकच्या बाबतीत रोग्यांची मागणी बरोबर ठरली, पण त्याच दशकात ती भयंकर चुकलीही. स्तनाच्या कर्करोगासाठी प्रचंड मात्रेत केमो देऊन मग रोग्याच्याच मूळपेशी परत घालण्याचा उपचार तेव्हा आशेचा किरण मानला जात होता. विमा कंपन्या त्याला प्रायोगिक म्हणून पैसे नाकारत, रोगी आणि त्यांची कुटुंबं वर्तमानपत्रांत, न्यायालयांत, विधिमंडळांत दाद मागत. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने अशा एका खटल्यात विमा कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलर द्यायला सांगितलं. हजारो स्त्रिया त्या उपचारातून गेल्या, काही त्या उपचारानेच दगावल्या. १९९९ मध्ये तुलनात्मक प्रयोगांचे निष्कर्ष आले तेव्हा साध्या केमोपेक्षा त्याचा काही फायदा दिसला नाही. फायदा दाखवणारा दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग उरला होता. त्यात खोटेपणा झाल्याचं २००० साली उघड झालं. रोग्याच्या दुःखाची कहाणी किती ताकदीची असते आणि ती ताकद चुकीच्या दिशेने किती नुकसान करते, याचा याहून कठोर दाखला नाही. तरी नीट पाहिलं तर या प्रकरणातलं बोलणं टपालयादीवरच्या बोलण्याहून निराळं होतं हे दिसतं. इथे एकेक कुटुंब ज्यूरीपुढे, कॅमेऱ्यापुढे उभं होतं. उलट प्रश्न विचारणारा दुसरा रोगी समोर नव्हता. आणि त्याच वेळी रोग्यांचीच एक संघटना, १९९१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअॅलिशन, आधी प्रयोग पुरे करा, पुरावा दाखवा असं म्हणत होती. संघटित रोगी नेहमी बरोबर असतात असा माझा दावा नाही. एकट्या कहाणीत जी चूक लपून राहते ती अनेकांच्या तपशिलांत उघडी पडण्याची शक्यता अधिक असते, इतकंच मी म्हणतो.

बनावटीचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या बेल गिब्सन यांनी मेंदूचा कर्करोग आहार बदलून आटोक्यात ठेवल्याचं सांगून मोठा वाचकवर्ग आणि धंदा मिळवला. त्यांना कर्करोग नव्हताच हे २०१५ मध्ये बाहेर आलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना ४ लाख १० हजार डॉलरचा दंड केला. या फसवणुकीने किती खऱ्या रोग्यांनी उपचार पुढे ढकलले असतील या विचाराने संताप येतो. पण ही फसवणूक वर्षानुवर्षं टिकली, कारण ते माध्यम प्रशंसकांचं होतं. केमोची तारीख, औषधाचं नाव, स्कॅनचा अहवाल विचारणारे समदुःखी तिथे असते तर ती फार काळ तगली नसती.

सभ्यतेचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत लिसा बॉनचेक अॅडम्स यांच्यावरून मोठा वाद झाला. तीन मुलांची ही आई पसरलेल्या कर्करोगासह जगत होती आणि ट्विटरवर रोज लिहीत होती. तोवर दीड लाखाहून अधिक छोट्या नोंदी झाल्या होत्या. दोन मोठ्या वर्तमानपत्रांत पती-पत्नी असलेल्या दोन पत्रकारांनी पाठोपाठ लेख लिहिले. मरणाचं एवढं उघड वर्णन ही मर्यादा सोडणं नव्हे का, शांतपणे निरोप घेणं अधिक शहाणपणाचं नव्हे का, असा त्यांचा सूर होता. वाचकांचा क्षोभ इतका झाला की त्यातला एक लेख वर्तमानपत्राने मागे घेतला. अॅडम्स यांनी लिहिलेलं ज्यांनी वाचलं होतं त्यांना त्यातला अन्याय लगेच कळला. आपण लढाई लढतो आहोत असं त्या म्हणतच नसत. औषधं कशी चालतात, वेदना कशी सांभाळायची, पसरलेल्या कर्करोगावर संशोधनाला पैसा का कमी मिळतो, हे त्या सांगत. मार्च २०१५ मध्ये त्या वारल्या. मर्यादेचा प्रश्न मी उडवून लावत नाही. मुलांचे फोटो, जोडीदाराची अगतिकता, सासरच्या माणसांशी झालेले तंटे यांवर रोग्याचा एकट्याचा हक्क नसतो, आणि एकदा उघड केलेलं परत झाकता येत नाही. पण तो प्रश्न काय सांगावं याचा आहे. त्यावरून सांगूच नये हा निष्कर्ष निघत नाही.

प्रसिद्धीच्या वाटेने गेलेल्या बोलण्याची मर्यादा दाखवणारी एक घटना तर आपल्या लोणावळ्यातली आहे. ऑगस्ट २००८ मध्ये ब्रिटनच्या जेड गुडी ‘बिग बॉस’च्या तिथल्या घरात असताना त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान कॅमेऱ्यांसमोर कळलं. त्या मायदेशी परतल्या, आपल्या शेवटच्या महिन्यांचं चित्रण होऊ दिलं, लग्नाची छायाचित्रं विकून मुलांसाठी पैसे ठेवले, आणि २२ मार्च २००९ रोजी सत्ताविसाव्या वर्षी गेल्या. पैशासाठी दुखणं विकलं असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. दोन लहान मुलं मागे ठेवून जाणाऱ्या गरीब घरच्या आईला असं बोलणं मला क्रूर वाटतं. त्या काळात इंग्लंडमध्ये चार लाखांहून अधिक जादा स्त्रिया तपासणीला आल्या. त्यातल्या कित्येकींचा जीव वाचला असेल, आणि तेवढ्यासाठीही त्यांचं ऋण मानायला हवं. मात्र पुढे तपासणीचं प्रमाण पुन्हा खाली आलं. लाट ओसरली की जे उरतं ते उभं करणाऱ्यांचं काम वेगळं असतं.

आपल्याकडे हा इतिहास निराळ्या वाटेने गेला. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडलं आणि ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की गावात सगळं कळू लागलं. रोगाचं नाव घ्यायची गरज उरली नाही. मुलीचं लग्न अडेल, नोकरी जाईल, भाडेकरू म्हणून कुणी ठेवणार नाही, ही भीती खरी होती, म्हणून लपवणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण रोग्यांनी रोग्यांना सांगणं आपल्याकडे नव्हतंच असं मात्र नाही. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, आणि जागा न मिळालेल्यांसाठी रुग्णालयाबाहेरचा पदपथ, इथे विदर्भातला, कोकणातला, बिहारमधला, बंगालमधला माणूस शेजारी शेजारी राहतो. कुठल्या खिडकीवर कागद द्यायचे, लाइट (रेडिएशन) घेतल्यावर तोंड आलं तर काय खायचं, कुठला ट्रस्ट अर्ज लवकर मंजूर करतो, हे ज्ञान तिथे एका अंथरुणावरून दुसऱ्यावर जातं. टपालयादीचं काम ते हेच. फरक एवढाच की ते लिहून ठेवलं जात नाही, आणि रोगी गावी परतला की त्याच्याबरोबर जातं.

म्हणूनच ग्लिवेक भारतात आलं तेव्हा रोग्यांचा आवाज संस्थेच्या नावाने उमटला. महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांचं हे औषध भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत बनवत होत्या. १९६९ पासून मुंबईत काम करणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तोच निर्णय कायम केला: माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप अधिक गुणकारी ठरल्याशिवाय त्याला पेटंट नाही. आपण हजारो भारतीय रोग्यांना औषध फुकट देतो असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या योजनेतून औषध मिळालेल्यांचा मुंबईतून चालणारा गट आजही रोग्यांना एकत्र आणतो. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं आणि किंमत कायद्याने ठरते, हा फरक संस्थेने पुढे आणला. माँट्रियलच्या बाईंनी ज्या कंपनीला औषध बनवा म्हणून विनवलं, त्याच कंपनीशी मुंबईच्या संस्थेला भांडावं लागलं. फक्त इथल्या रोग्यांनी स्वतः काय सोसलं, औषध परवडेना म्हणून कुणी अर्ध्यावर सोडलं, हे त्यांच्या शब्दांत फार थोडं शिल्लक आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत नामवंतांनी तोंड उघडलं हे खरं. शरद पवार यांनी तोंडाच्या कर्करोगाबद्दल आणि त्यामागच्या तंबाखू-सुपारीबद्दल अनेकदा जाहीर सांगितलं. जुलै २०१८ मध्ये सोनाली बेंद्रे यांनी आपलं निदान स्वतः कळवलं. त्याच वर्षी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजाराचं नाव कित्येक महिने अधिकृतपणे घेतलं गेलं नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ते आरोग्यमंत्र्यांच्या तोंडून कळलं. टाटाच्या डॉक्टरांनी तंबाखूच्या रोग्यांना मंत्र्यांसमोर, आमदारांसमोर उभं केलं, कुणाचा जबडा गेलेला, कुणाचा स्वर गेलेला, आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी येण्यामागे त्या साक्षींचा वाटा होता असं मानायला जागा आहे. तोंडाचा कर्करोग हा आपल्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक. तो ज्यांना होतो त्यांतले बरेच जण इंग्रजीत लिहिणारे नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतर नीट बोलूही शकत नाहीत. इंटरनेटवरच्या कर्करोगाच्या कहाण्या बहुधा शिकलेल्यांच्या, आजारातून वाचलेल्यांच्या असतात हा आक्षेप इथे पुरेपूर लागू पडतो.

या रोग्यांचे मराठी गट आज व्हॉट्सअॅपवर आहेत. जबडा काढल्यावर तोंड किती उघडेल, नळीतून काय देता येतं, केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या पेशी उतरल्या तर थांबायचं का, महात्मा फुले योजनेत कुठली शस्त्रक्रिया बसते, हे प्रश्न तिथे रोज येतात आणि जाणती माणसं त्यांना उत्तरं देतात. अमेरिकेतल्या याद्यांवरची पत्रं साठून राहिली, पुढच्या रोग्याला शोधता आली, संशोधकांना वाचता आली. बंद गटातलं उत्तर मात्र पुढच्या आठवड्यात वर सरकून हरवतं, आणि तोच प्रश्न नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. नावं-गावं गाळून, रोग्यांची संमती घेऊन, डॉक्टरांकडून तपासून हे मराठीत जपून ठेवणं एखाद्या रुग्णालयाला किंवा विद्यापीठाला फार खर्चाचं नाही.